ज्यू धर्मावर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

दरवर्षी नववीची पोरं 'जगातले धर्म' प्रोजेक्ट आणून देतात आणि दरवर्षी ज्यू धर्माच्या पानावर त्याच चुका. गुगल केलं, पहिलं दिसलं ते चिकटवलं, झालं.

सगळ्यात डोक्यात जातो तो तक्ता. संस्थापक, स्थापना वर्ष, ग्रंथ. कोणी अब्राहम लिहितं, कोणी मोशे, आणि पुढे बिनधास्त इ.स.पू. २०००. अरे, अब्राहमाची गोष्ट आपल्याला कळते ती त्यांच्याच ग्रंथातून, बाहेरचा पुरावा हाती नाही. जमिनीतून निघालेलं विचाराल तर इस्रायल हे नाव सगळ्यात आधी दिसतं ते इजिप्तच्या मेर्नेप्ताह फॅरोच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. १२०८, आणि तिथेही तो फुशारकी मारतोय की इस्रायलचं बी सुद्धा उरलं नाही! बरं, एकच देव हेही एका रात्रीत झालेलं नाही. सिनाईच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूदला, इ.स.पू. ८०० च्या आसपासच्या रांजणावर 'याहवे आणि त्याची अशेरा' यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेला सापडलाय. याहवे म्हणजे इस्रायलचा देव, अशेरा म्हणजे एक देवी किंवा तिचं चिन्ह. संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप सांगणारे, दुसऱ्या देवांच्या नावाने इतके का चिडायचे ते यावरून कळतं. पुढे इ.स.पू. ५८६ ला बॅबिलोनच्या नबुखद्नेस्सरने जेरुसलेमचं मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं, आणि मंदिर नसतानाही आपला देव आहे, तोच एकटा देव आहे, ही श्रद्धा तिथे पक्की झाली असं बरेच अभ्यासक मानतात. मी स्वतः तो संस्थापक-स्थापना वर्षाचा रकानाच खोडते आणि दोन ओळी लिहायला लावते, परंपरा काय सांगते आणि पुरावा काय सांगतो. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

बाकीच्या पटापट सांगते. इस्रायल आणि यहूदा ही दोन राज्यं होती, उत्तरेचं इ.स.पू. ७२२ ला असिरियाने गिळलं, दक्षिणेचं ५८६ ला गेलं, यहुदी हा शब्द त्या दक्षिणेकडच्या यहूदावरून. तोरा म्हणजे पाच पुस्तकं, तालमूद वेगळा, तो रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, त्यातली मिश्ना, म्हणजे तोंडी नियमांचा संग्रह, इ.स. २०० च्या सुमाराची. 'जुना करार' हे नाव ख्रिश्चनांचं, ज्यू तनाख म्हणतात. रब्बी म्हणजे पुजारी नाही, तो धर्मशिक्षक, पुजारी ते कोहेन, आणि त्यांचे बळी-होम इ.स. ७० ला रोमनांनी दुसरं मंदिर जाळलं तेव्हाच बंद पडले.

आता माझी स्वतःची चूक. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, तेल गाळायचे पण शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली, हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवतेय. आणि पोरांना सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, दाखवायला वार कुठला धरला? शनिवार! अर्धा दिवस शाळा, म्हटलं सोयीचं. तिथले काका फोनवर हसले, म्हणाले बाई, शनिवारी आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. मी शहाणी, लगेच म्हटलं मग शुक्रवारी संध्याकाळी येतो. काका गप्प. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, तोरातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आधी संध्याकाळ आणि मग सकाळ आहे, म्हणजे शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ लागलाच, तो शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. तेव्हापासून सहलीची तारीख ठरवायच्या आधी मी सूर्यास्ताची वेळ आणि त्यांचं कॅलेंडर दोन्ही बघते.

शेवटी रविवारी गेलो. दारात एका पोराने चौकटीवरच्या बारक्या लांबट डबीवर बोट दाबलं, त्याला वाटलं बेल. काका म्हणाले, बेल नाही रे, मेझुझा. आत चामड्याची गुंडाळी, तिच्यावर हाताने लिहिलेला शेमा, 'हे इस्रायल ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे.' काकांनी डबीला बोटं लावली, बोटं ओठाला लावली आणि आत गेले. पोराने वहीत तेवढंच लिहून घेतलं, आणि त्या वर्षीचं एकमेव पान जे मी परत पाठवलं नाही ते त्याचं.