पोस्टर हलकं करा, पण अनुस्वार सांभाळा

गल्लीतल्या मंडळाचं पोस्टर दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. यंदा प्रेससाठी केलेली एथ्रीची (ए४ च्या दुप्पट कागदाची) फाइल कुणीतरी तशीच ग्रुपवर टाकली, १८ एमबी, अर्ध्या लोकांकडे नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मग दुसऱ्याने कुठल्यातरी अ‍ॅपमधून दाबून दाबून ती १५० केबीवर आणली, पण त्यात 'भंडारा'चा 'भडारा' झाला आणि दिवसभर त्यावरच जोक.

तर आधी पिक्सेल कमी करायचे, क्वालिटीला (फाइल किती दाबायची त्या आकड्याला) हात नंतर. ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) एथ्री म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, आणि मोबाइलवर बघायला १०८० रुंदी भरपूर झाली. रुंदी निम्मी केली (उंची आपोआप तेवढीच कमी होते) की पिक्सेल पावपट उरतात, म्हणजे खरी बचत इथेच आहे. नुसता डीपीआयचा आकडा ३०० चा ७२ करून काही होत नाही हं, पिक्सेल तेवढेच असतील तर फाइलही तेवढीच, तो आकडा फक्त छापणाऱ्यासाठी. प्रेसची फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या शाईचे रंग) असेल तर तीही आरजीबी (स्क्रीनचे रंग) करून घ्या, नाहीतर काही ठिकाणी रंग भलतेच दिसतात.

आता फॉरमॅट. देवाचा फोटो, डेकोरेशन असं काही असेल तर जेपेग. नुसते सपाट रंग आणि अक्षरं असतील तर पीएनजी, आणि त्यातले रंग २५६ वर आणले की फाइल झटकन उतरते. फोटो पीएनजीत सेव्ह करणं म्हणजे उगाच वजन वाढवणं. वेबसाइटवर टाकायचं असेल तर वेबपी बघा, सहसा जेपेगपेक्षा हलकं पडतं.

मी स्क्वूश (Squoosh) नावाची चित्रं हलकी करायची वेबसाइट वापरतो, ब्राउझरमध्येच चालतं, फाइल कुठे अपलोड होत नाही आणि मधली पट्टी सरकवून आधीचं-नंतरचं शेजारी शेजारी दिसतं. जेपेगची क्वालिटी ८० च्या आसपास ठेवा आणि झूम करून मात्रा, रफार, अनुस्वार बघा, कारण आपली अक्षरं तिथेच आधी मार खातात.

भगव्यावर लाल अक्षरं असतील तर अजून एक भानगड आहे. जेपेग उजेड-अंधार नीट जपतं, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रेझोल्यूशनला ठेवतं, आणि भगवा-लाल यांच्यात फरक मुख्यतः रंगाचाच, म्हणून कडा फुटतात. जिंपमध्ये (फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) एक्सपोर्ट करताना सबसॅम्पलिंग ४:४:४ निवडा, म्हणजे रंगही पूर्ण रेझोल्यूशनला राहतो, फाइल थोडी वाढते पण अक्षर स्वच्छ राहतं. किंवा सरळ अक्षरांना पांढरी बॉर्डर द्या, मला तर तेच बरं वाटतं.

मूळ फाइल मात्र वेगळी ठेवा. जेपेग उघडून, तारीख बदलून पुन्हा जेपेग, असं चार वेळा केलं की चित्र धुरकट होत जातं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं तर ते स्वतःच पुन्हा दाबतं, म्हणून मंडळाच्या पोरांना पुढे टाकायला द्यायची कॉपी डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आमचं शेवटी १०८० रुंदी, क्वालिटी ८२, ४:४:४ असं करून २९० केबीत बसलं. भंडाऱ्याचा अनुस्वार शाबूत, फक्त खजिनदारांचं आडनाव मीच चुकीचं टाइप केलं होतं.