रात्री दोनला डोक्यात गुऱ्हाळ सुरू झालं तर

एमपीएससीची पूर्व २ मार्कांनी गेली आणि पुढचे पंधरा दिवस मी सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या रूमवर पंख्याकडे बघत एकच उगाळत होतो, माझंच असं का होतं, मीच असा का. मला वाटायचं हे आत्मपरीक्षण चाललंय. कसलं डोंबलाचं, हा रवंथ आहे, आणि गाईला निदान त्यातून चारा तरी पचतो.

१९८९ ला कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, त्याच्या दोन आठवडे आधीच सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली होती, निव्वळ योगायोग. ज्यांना आधीपासून उगाळायची सवय होती ते सात आठवड्यांनीही जास्त खचलेले निघाले.

तर करायचं काय, पहिलं म्हणजे 'का' सोडा, 'काय' पकडा. "मी असा का" ला उत्तरच नाहीये पण "इकॉनॉमीचे कुठले प्रश्न चुकले" ला आहे. वहीत लिहा, मोबाईलवर १५ मिनिटांचा टायमर लावून, आणि स्वतःला नावाने हाक मारून लिहा, शेजारच्या कॉटवरच्या पोराला समजवतो तसं. येडपटासारखं वाटतं, पण आपण दुसऱ्याला एवढ्या शिव्या घालत नाही हे लगेच कळतं.

दुसरं, माणूस गाठा, पण गाठताना काय पाहिजे ते आधीच सांगा. "सल्ला नको, दहा मिनिटं फक्त ऐक" किंवा सरळ "उद्या सहाला पर्वती चढायला चल". मी आधी काय करायचो, माझ्यासारख्याच पूर्व गेलेल्या मित्राला घेऊन टपरीवर बसायचो आणि तीन कटिंग होईपर्यंत दोघं तेच तेच, आयोग, कटऑफ, नशीब. दोस्ती घट्ट झाली हो, पण रूमवर येताना दोघंही आणखी खाली. म्हणून अर्धा तास झाला की विषय बदलायचा, हे आधीच ठरवून टाका.

आणि घरचे. आई रोज विचारायची जेवलास का, मी रोज "हो". एक दिवस खरं सांगितलं, नाही जेवलो, मेस चुकली. ती काही बोलली नाही, चार दिवसांनी गावाकडच्या एसटीने भाकऱ्या आणि ठेचा आला.

दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल किंवा मरायचे विचार येत असतील तर मात्र वही-टपरी बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं.