क्ले बार वापरताना या चुका टाळा

गाडी शॅम्पूने स्वच्छ धुतली, पुसून कोरडी केली, तरी बॉनेटवरून हात फिरवला की खरखर लागते. पुण्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर हा अनुभव नवा नाही. मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामांवरून सिमेंटची धूळ येते. शेजारच्या इमारतीचं रंगकाम चालू असलं की रंगाचे बारीक थेंब उडतात. खडकी-दापोडीकडे रेल्वेलाइनला लागून राहणाऱ्यांच्या गाड्यांवर चाकं, ब्रेक आणि रूळ झिजून उडालेला लोखंडाचा कीस बसतो. दिवाळीची गोष्ट तर फार जणांच्या लक्षातच येत नाही. फुलबाजीच्या ठिणग्या म्हणजे जळता लोखंडाचा कीसच असतो. पोरं पार्किंगमध्ये फुलबाज्या उडवतात आणि तो कीस टपावर, बॉनेटवर चिकटून बसतो.

असा रुतलेला मळ शॅम्पूने निघत नाही. तो ओढून काढायला क्ले बार लागतो. नावात क्ले असला तरी ही माती नव्हे. हा रबरासारखा कृत्रिम लगदा असतो आणि त्यात अतिशय बारीक घासणारे कण मिसळलेले असतात. हाताला मऊ लागतो म्हणून त्याला निरुपद्रवी समजू नका. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. आपल्या केसापेक्षाही पातळ. तो एकदा झिजला की परत मिळत नाही.

गरज नसताना क्ले करणं

चरे घालवायला क्ले आणणारे खूप भेटतात. क्लेने चरे जात नाहीत, उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळंही जात नाहीत. ते काम पॉलिशचं. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डागही बहुतेक वेळा क्लेला दाद देत नाहीत. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने टिपा, दोन-तीन मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. रंगात खोल उतरलेले डाग मात्र पॉलिशशिवाय निघणार नाहीत.

क्लेची गरज आहे का, हे ठरवायची सोपी खूण आहे. धुतलेल्या गाडीवर, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं अलगद फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखरही पिशवीतून स्पष्ट कळते. जिथे गुळगुळीत लागेल तिथे क्ले लावूच नका. पूर्ण गाडी करायचीच असा काही नियम नाही. बऱ्याचदा टप, बॉनेट आणि डिकी एवढंच पुरतं.

ओलावा कमी पडणं

माझ्या पाहण्यातलं सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने झालंय. गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीतल्या काकांचा फोन आला, "अरे, जरा खाली येतोस का? गाडीला काहीतरी झालंय." काळी गाडी, दुपारचे साडेबारा, उघडं पार्किंग. काकांनी नुसतं पाणी मारून क्ले फिरवला होता. तापलेल्या पत्र्यावर पाणी टिकलं नाही, क्ले कोरडा घासला गेला. बॉनेटभर क्लेचे चिकट राखाडी पट्टे आणि खाली धुरकट ओरखडे.

असे पट्टे पडले तर नखाने किंवा कोरड्या कापडाने खरवडू नका. गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. मग भरपूर लुब्रिकंट, म्हणजे क्ले सहज सरकावा म्हणून मारायचं निसरडं द्रावण, मारून क्लेची स्वच्छ बाजू अगदी हलक्या हाताने फिरवा. बराचसा चिकटा क्लेच उचलून घेतो. उरलेला डांबर काढायच्या द्रावणाने निघतो. धुरकटपणा मात्र पॉलिशनेच जातो. काकांच्या बॉनेटला आमची अख्खी रविवार सकाळ गेली, पण रंग वाचला.

म्हणून काम सकाळी लवकर आणि सावलीतच करा. क्लेसाठीचं लुब्रिकंट मिळतं. ते नसेल तर लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे कार शॅम्पू घालून स्प्रेच्या बाटलीत भरा. भांडी घासायचं लिक्विड नको, ते रंगावरचं उरलंसुरलं वॅक्स उतरवतं. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या. तो निथळेपर्यंत ओला करा आणि क्लेवरही फवारा मारा. क्ले अडकतोय असं वाटलं तर जोर लावू नका, फवारा मारा. सरळ रेषेत मागे-पुढे फिरवा, गोल गोल नको. सुरुवातीला खसखस ऐकू येते. ती थांबून क्ले सरकायला लागला की तो भाग झाला.

पडलेला क्ले पुन्हा वापरणं

जमिनीवर पडला की तो तुकडा गेला. धुऊन चालत नाही, कारण वाळूचा कण आत रुतून बसतो आणि पुढच्या हातासरशी लांबलचक चरा पडतो. जीव हळहळू नये म्हणून बारचे आधीच तीन-चार तुकडे करून ठेवा. वापरताना एक बाजू मळली की कणकेसारखी घडी घालून नवी बाजू वर काढा. चाकांमागचा आणि दारांखालचा डांबराचा भाग शेवटी घ्या, वेगळ्या तुकड्याने. काचेलाही वेगळा तुकडा ठेवा.

क्लेवर तपकिरी ठिपके भराभर दिसायला लागले तर लोखंड फार आहे असं समजा. अशा वेळी आधी आयर्न रिमूव्हर मारा. तो लोखंडाला लागला की जांभळा होतो. वास उग्र असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि रंगावर वाळायच्या आत धुऊन टाका. त्यानंतर क्लेला फारसं घासावंच लागत नाही.

मॅट रंगावर क्ले नकोच. सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) असेल तर ज्यांनी ते लावलं त्यांना आधी विचारा. क्लेचा ग्रेड, म्हणजे खरखरीतपणा, नेहमी बारीकच घ्या. काळ्या आणि गडद रंगांवर तर नक्कीच.

क्ले झाल्यावर गाडी तशीच सोडणं ही शेवटची आणि फार महागात पडणारी चूक आहे. मळाबरोबर वॅक्सही गेलेलं असतं, रंग उघडा पडलेला असतो. त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक थर) लावा. वर्षातून एकदा क्ले पुरे. मी दिवाळीनंतरचा आठवडा धरतो, पाऊस सरलेला असतो आणि फटाक्यांचा कीसही निघून जातो. डिसेंबरच्या थंडीत क्ले दगडासारखा कडक झाला तर पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. काम संपल्यावर त्यावर थोडं लुब्रिकंट मारून घट्ट झाकणाच्या डबीत घरात ठेवा, उन्हात तापणाऱ्या गाडीत नको.