अंधाराआधीचे दोन तास

संगमनेरला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, आणि गेली नऊ वर्षं तंबूसुद्धा. ट्रेकला जाणारी पोरं फाटके तंबू आणून टाकायची, तेव्हा म्हटलं बघू तरी हे लोक रानात करतात काय. एकदा गेले आणि मग जातच राहिले. आता बायका मला विचारतात, कुठले बूट घ्यायचे, कुठली सॅक घ्यायची. माझं उत्तर एकच असतं: बूट कुठलेही घाल, पण मुक्कामाच्या जागी चारला पोच. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. मधल्या दोन तासांत तुम्ही काय करता, त्यावर रात्र कशी जाणार ते ठरतं.

मला हे पहिल्याच खेपेला कळलं. हरिश्चंद्रगड, पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेने. निघायलाच उशीर झाला, वर पोचेतो काळोख. बॅटरीच्या उजेडात एक खोलगट, मऊ गवताची जागा दिसली, अगदी गादीसारखी. तिथेच तंबू ठोकला. रात्री दोनला दातावर दात वाजत होते. सकाळी पाचनईचे एक मामा हसले, "ताई, इथं आमच्या म्हशीबी बसत नाहीत." थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि खळग्यात साचते. तंबू तीस-चाळीस पावलं वर, थोड्या उंचवट्यावर हवा होता. एवढंच चुकलं होतं.

म्हणून पोचल्यावर आधी सॅक उतरवा आणि रिकाम्या हाताने फिरा. वर बघा: डोक्यावर वाळकी फांदी नको, आग्यामोहोळ तर दिसताच दूर व्हा. खाली बघा: वारूळ, बिळं, तांबड्या मुंग्यांची रांग. टाक्याच्या किंवा ओढ्याच्या अगदी काठाला बसू नका. रात्री तिथे पाण्याला जनावरं येतात आणि ओलही जास्त असते. कड्याजवळ तर नकोच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा वारा तंबूसकट माणसाला हलवतो. जागा पसंत पडली की तंबू लावायच्या आधी तिथे स्वतः आडवं व्हा. पाठीखालचा दगड तेव्हाच सापडतो, रात्री नाही. झोपताना डोकं चढाकडे. चिमूटभर सुकं गवत चुरून हवेत सोडा, वारा कुठून येतो ते कळतं. दार त्याच्या उलट बाजूला ठेवा. कातळावर खुंट्या शिरत नाहीत. तिथे दोरी एका दगडाला गुंडाळायची आणि त्याच्यापुढे दुसरा मोठा दगड टेकवायचा.

तंबूबद्दल मी जास्त बोलणार, तो माझा धंदा आहे. विकत घेताना बाहेरचं कापड उलटं करून टीप बघा. सुई जाते तिथे भोक पडतं आणि पाणी तिथूनच झिरपतं. चांगल्या तंबूत त्या टिपेवर आतून पट्टी चिकटवलेली असते. पट्टी नसेल तर दुकानदार "वॉटरप्रूफ आहे मॅडम" म्हणत राहील, तुम्ही पुढचा बघा. माझ्याकडे दुरुस्तीला सगळ्यात जास्त येते ती चेन. रनरमध्ये माती अडकते आणि पोरं जोर लावून ओढतात. जुन्या टूथब्रशने चेनचे दात झाडायचे आणि वरून मेणबत्ती घासायची, एवढ्यावर चेन वर्षानुवर्षं चालते. आणखी एक: थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या बंद करू नका. श्वासाची वाफ आतल्या कापडावर थिजते, पहाटे तेच पाणी तोंडावर टपकतं, आणि लोक म्हणतात तंबू गळतो.

थंडी पांघरुणातून कमी, जमिनीतून जास्त येते. दोन गोधड्या अंगावर घेण्यापेक्षा एक अंगाखाली घाला, त्याच्याखाली फोमची चटई. झोपायचे मोजे वेगळे, कोरडे, ते दिवसा घालायचेच नाहीत. माकडटोपीला हसणाऱ्या पोरी रात्री माझीच मागतात.

चेन पूर्ण लावूनच झोपायचं, हे मात्र ऐकाच. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली तर कित्येकदा कळतही नाही. बूट तंबूच्या आत घ्या, तरी सकाळी झटकूनच पाय घाला. विंचवाला बूट आवडतो. साप चावलाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही करू नका. हात-पाय हलू न देता माणसाला खाली न्या, १०८ला फोन लावा, प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा.

शेकोटीचा हट्ट सोडा. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथे जाळ करायचा नाही. आणि दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत इतकं वाळतं की एका ठिणगीत सगळा उतार जातो. चुलीऐवजी छोटा गॅस न्या, पण तंबूच्या आत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जेवण मी घरूनच मापून नेते: तांदूळ, मूगडाळ, मीठ, हळद, गोडा मसाला एका पिशवीत, तीन माणसांचं एक पाकीट. वर फक्त पाणी आणि फोडणी. बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. पाणी माणशी तीन लिटर खालून घेऊन निघते, टाक्यातलं प्यायचं तर खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर उकळू देते. खरकटं आणि खाऊ तंबूत ठेवू नका. उंदीर कापड कुरतडून आत येतो आणि मग ते भोक माझ्याकडे येतं.

बायकांचा न विचारलेला प्रश्न: शौचाला कुठे? पाण्यापासून दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा, वर माती. छोटं खुरपं सॅकला बांधा. पॅड आणि टिश्यू पुरायचे नाहीत, दुहेरी पिशवीत घालून परत आणायचे. उजेड असतानाच जागा बघून ठेवा, रात्री सोबतीण आणि बॅटरी घेऊन जा.

पहिलाच मुक्काम असेल तर गडावर जाऊच नका. पायथ्याच्या गावात कुणाच्या अंगणात विचारून तंबू लावा, त्यांच्याकडे पैसे देऊन जेवा, चुका तिथे होऊ द्या. कुठेही निघण्याआधी वनखात्याच्या नाक्यावर चौकशी करा. वासोटा किल्ल्यावर, उदाहरणार्थ, रात्री राहायला बंदी आहे.

सकाळी दवाने तंबू ओला असतोच. उन्हात पसरा, चहा होईतो वाळतो. एसटी गाठायची म्हणून ओलाच गुंडाळला असेल तर घरी पोचल्याबरोबर दोरीवर टाका. आठवडाभर पिशवीत राहिला की कापडावर काळे ठिपके पडतात आणि कुबट वास सुटतो. तो घेऊन माझ्या दुकानात येऊ नका, बुरशीवर माझ्याकडे सुई नाही.