जुना गेमबॉय उघडण्याआधी

स्क्रूड्रायव्हर शोधण्याआधी गेमबॉयमध्ये नवे सेल घाला, एखादी कॅसेट लावा आणि नेमकं काय बिघडलंय ते कागदावर लिहा. सामान त्यावरच ठरतं. इथे गेमबॉय म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा १९८९चा राखाडी खेळ, मॉडेल डीएमजी-०१. चालू केल्यावर निन्टेन्डोच्या नावाऐवजी काळा ठोकळा खाली सरकत आला, तर कॅसेटच्या पिना मळल्या आहेत. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड एवढ्यावर बहुतेक वेळा काम भागतं, स्क्रूला हातही लावावा लागत नाही.

उघडायचाच असेल तर मागच्या सहा स्क्रूंसाठी तीन पाकळ्यांचा ट्राय-विंग हवा. चार स्क्रू समोरच दिसतात, दोन सेलच्या कप्प्यात असतात आणि तेच हमखास विसरतात. मोबाइल दुरुस्तीच्या किटमधली बारीक वाय-टिप इथे घसरते, स्क्रूचं डोकं खाते आणि मग ड्रिल करण्याची पाळी येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्यायला गेलात तर एक स्क्रू खिशात टाकून न्या. आतले स्क्रू साध्या फिलिप्सने निघतात. दोन अर्ध्या भागांना जोडणारी रिबन सरळ ओढून सुटते. तिरकी ओढली तर फाटते.

सेल गळून हिरवट-पांढरा थर जमला असेल तर व्हिनेगर आणि जुना टूथब्रश लागेल. अल्कलाइन सेलमधून गळणारा पदार्थ आम्लारी (अल्कली) असतो, म्हणून त्याच्यावर आम्ल. नंतर अल्कोहोलने पुसा, नाहीतर व्हिनेगरच पत्रा खाईल. पडद्याशेजारचा बॅटरीचा दिवा मिणमिणत असेल तर पॉवरच्या स्विचमध्ये थोडं अल्कोहोल सोडून सेल काढलेल्या स्थितीत तो तीसेक वेळा पुढे-मागे करा. बटणांच्या रबराखालचा काळा कार्बन मात्र घासू नका, अलगद टिपा. तो निघाला की नवं रबर घेण्यावाचून इलाज नाही.

पडद्यावर उभ्या रेघा गायब असतील तर खरी कसोटी इथेच. पडद्याच्या खालच्या कडेची पट्टी काचेवर उष्णतेने चिकटवलेली असते आणि काळाने सुटते. तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, चपटी टिप, साधारण २०० अंश. यंत्र चालू ठेवून, पट्टीवरचं रबर बाजूला करून टिप एका टोकाकडून दुसरीकडे हळू सरकवा, म्हणजे रेघा परत येताना दिसतात. एका जागी थांबलात की पट्टी जळते आणि चांगल्या रेघाही जातात. आडव्या रेघा गेल्या असतील तर दोष बाजूच्या पट्टीत असतो आणि ती या उपायाला क्वचितच दाद देते. तेव्हा नवीन आयपीएस (आधुनिक एलसीडी) पडद्याचा विचार करा.

अ‍ॅडॉप्टर लावणार असाल तर मल्टिमीटर जवळ ठेवा. याला ६ व्होल्ट लागतात आणि मधली पिन ऋण असते, बाजारातल्या बहुतेकांची धन. कॅसेटमध्ये सेव्ह टिकत नसेल तर ३.८ मिमीचा गेमबिट (कॅसेटच्या स्क्रूसाठीचा खास ड्रायव्हर) आणि पट्ट्या जोडलेला नवा बटणसेल आणा. नंबर जुन्या सेलवरच छापलेला असतो. सेल काढताच जुने सेव्ह पुसले जातात, तेव्हा धाकट्या भावाला आधी विचारा.

बॅकलाइट आणि रंगीत बटणं दुरुस्ती पुरी झाल्यावरच. असे बदल आधीच केलेल्या यंत्रात जुना दोष कुठला आणि आपला कुठला, हे शोधण्यात रविवार जातो.