पावसाळ्यात काळवंडलेला लाकडी बोर्ड

भाजी चिरायच्या लाकडी बोर्डावर पावसाळ्यात काळे ठिपके पडले, कांद्याचा वासही हटेना. जाडं मीठ पसरून अर्ध्या लिंबाने घासलं. वास गेला, ठिपके तसेच. मग आधी १२० (जाडसर), नंतर २२० (बारीक) नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. खडखडीत वाळल्यावर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन (खनिज तेल), बाटली गरम पाण्यात ठेवून, फडक्याने चोळलं. दोन्ही टोकांना जास्त, कारण तिथले कापलेले तंतू तेल सगळ्यात जास्त पितात. रात्रभर मुरवून उरलेलं पुसलं. शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट होतं नि खवटतं. (सासूबाई मात्र खोबरेलावर ठाम!) आता धुतला की पुसून उभाच ठेवते. पाण्याचा थेंब मोत्यासारखा न राहता लाकडात जिरला, की पुन्हा तेल.