स्वस्तातला मेटल डिटेक्टर: घ्यावा कसा, वापरावा कसा

मेटल डिटेक्टर घ्यायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: गुप्तधन सापडेल का? नाही सापडणार. आणि सापडलेच तर ते मुकाट्याने घरी नेता येत नाही, त्याचा कायदा पुढे सांगतो. पण वावरात निखळून पडलेली ट्रॅक्टरची पिन, खळ्यावर हरवलेले जोडवे, किनाऱ्यावरच्या वाळूत गेलेली अंगठी, रोटाव्हेटरचे पाते मोडण्याआधी काढायचा लोखंडाचा तुकडा ही कामे साधे यंत्रही चोख करते. ते चालवणाऱ्याला तेवढे कळले पाहिजे.

आधी यंत्र काय करते ते समजून घ्या

दांड्याच्या टोकाला गोल तबकडी असते, तिला कॉइल म्हणतात. आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. परत आलेला हा संकेत किती उशिरा आला यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते आणि पडद्यावर आकडा दाखवते. आकडा म्हणजे अंदाजच. सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला तुकडा पुष्कळदा एकाच आकड्यावर बोलतात. म्हणून ‘सोने ओळखणारे यंत्र’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा.

नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतकी खोल दिसते, म्हणजे आठ-नऊ इंची कॉइलला वीतभर. तेही चांगल्या जमिनीत. ‘दहा मीटर खोल सोने दाखवतो’ असे सांगून हातात अँटेनाची कांडी देणारे लोक गावोगाव फिरतात. त्या कांडीत बहुधा काहीच नसते. असल्याच कांडीला बॉम्बशोधक म्हणत इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश व्यापाऱ्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याचे ‘एडीई ६५१’ हे यंत्र गोल्फचे चेंडू शोधायच्या एका फसव्या खेळण्यावर बेतलेले होते.

विकत घेताना

दुकानाच्या दारात सुरक्षारक्षकाच्या हातात असते ती छोटी दांडी जमिनीसाठी नाही. ती वैरणीच्या पेंढीत तार आहे का, खणलेल्या मातीच्या ढिगात वस्तू आहे का, एवढे बघायला उपयोगी पडते, आणि स्वस्त असल्याने सोबत असलेली बरी.

जमिनीसाठीचे यंत्र घेताना मी चार गोष्टी बघेन. धातू वगळायची सोय, जिला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. संवेदनशीलता कमी-जास्त करायचे बटण. कॉइल एका जागी धरून नेमकी जागा दाखवणारा पिनपॉइंट मोड. आणि चौथी, आपल्या मातीत सगळ्यात महत्त्वाची, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज गप्प करायची सोय. अगदी स्वस्त यंत्रांत तो कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, बदलता येत नाही. गॅरेट, नोक्टा, मायनलॅब या कंपन्यांची नवशिक्यांची मॉडेले महाग पडतात, पण सुटे भाग मिळतात आणि पुन्हा विकताना किंमतही येते. बिननावाच्या यंत्रात निदान कॉइल पाणी सहन करते का एवढे विचारून घ्या. कॉइल जलरोधक असली तरी वरची पेटी बहुधा नसते.

वापरण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण यंत्राच्या किमतीपेक्षा महाग पडू शकतो.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही ठेव सापडली, तर काय सापडले, कुठे आणि कधी, हे लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. कळवायचे जिल्हाधिकाऱ्यांना. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ठेव बेवारस ठरली आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला मिळू शकतो. सरकारला ती हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन सरकार ती घेऊ शकते.

शिवाय १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी, मूर्ती, भांडी हे पुरावशेष ठरतात. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. राज्य संरक्षित स्मारकांना राज्याचा १९६० चा कायदा लागतो. एवढे मोजत बसण्यापेक्षा सोपा नियम पाळा: गडावर, लेण्यांत, जुन्या देवळांच्या आवारात यंत्र न्यायचेच नाही.

आणि पांढरीवरही नाही. गावाजवळचे राखाडी मातीचे, खापरांनी भरलेले टेकाड म्हणजे जुन्या वस्तीची जागा. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडला. चारही मिळून वजन साठ किलोंच्या वर. मूर्ती जगप्रसिद्ध झाल्या, पण त्या शास्त्रीय उत्खननात कोणत्या थरातून आल्या हे नोंदलेले नसल्याने त्यांच्या काळावर अभ्यासक अजून वाद घालतात. तिथे निदान वस्तू तरी वाचल्या. डिटेक्टरवाला वस्तूही नेतो आणि थरही उकरतो.

देवळाली आणि अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसारख्या लष्करी गोळीबार क्षेत्रांच्या आसपास तर जाऊच नका. न फुटलेला तोफगोळा डिटेक्टरवर फार छान वाजतो.

उरते काय? स्वतःचे शेत, घराचे आवार, मालकाने परवानगी दिलेली जागा. किनाऱ्यावर ग्रामपंचायतीला किंवा पोलीस चौकीत सांगून मगच सुरू करा. यंत्र बघून माणसे जमतात आणि त्यांच्याही मनात पहिला शब्द गुप्तधनच येतो.

घरी सराव

यंत्र जोडल्यावर केबल दांड्याभोवती घट्ट गुंडाळा. ती लोंबत राहिली तर यंत्र उगाच वाजते. मग लाकडी टेबलावर किंवा अंगणात घरातल्या वस्तू एकेक करून कॉइलपुढून फिरवा: सोन्याची अंगठी, चांदीचे जोडवे, खिळा, बाटलीचे झाकण, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, वेगवेगळी नाणी. प्रत्येकाचा आकडा आणि आवाज वहीत लिहा. परदेशी व्हिडिओंतले आकडे इथे चालत नाहीत, आणि त्याचे कारण आपल्या खिशातच आहे. १९९२ पासूनचा एक रुपया स्टेनलेस स्टीलचा आहे आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. लोखंड पूर्ण वगळले की यंत्र असले नाणेही वगळू शकते. त्याआधीचा तांबे-निकेलचा रुपया चिकटत नाही, तो वेगळा बोलतो. ॲल्युमिनियमची जुनी दहा-वीस पैशांची नाणी आणखी वेगळी.

दागिन्यांची तऱ्हा न्यारी. बंद कड्याची अंगठी उत्तम वाजते, कारण प्रवाहाला फिरायला पूर्ण वर्तुळ मिळते. बोटाप्रमाणे दाबून घ्यायचे, मध्ये चीर असलेले जोडवे त्याच वजनाचे असूनही फार मंद वाजते. नाजूक साखळी तर त्याहून अवघड, यंत्राला ती कडीकडीने दिसते. मंगळसूत्र शोधताना भरवसा ठेवायचा तो वाट्यांवर.

मातीशी जुळवून घेणे

सह्याद्रीच्या घाटापासून मराठवाड्यापर्यंत पायाखाली बेसाल्ट आहे. त्यात आणि त्याच्या मातीत मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. कोकणातला जांभा लोहाने लाल झालेला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू. म्हणजे आपली जमीन स्वतःच यंत्राशी बोलत असते, आणि तिला गप्प करणे म्हणजे ग्राउंड बॅलन्स.

धातू नसलेली जागा निवडा. कॉइल जमिनीपासून वीतभर उंचीवरून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत खाली आणा, परत वर न्या, असे सावकाश करत राहा. खाली जाताना आवाज वाढत असेल तर बॅलन्सचे बटण एका बाजूला फिरवा, उलट होत असेल तर दुसऱ्या. वरखाली दोन्हीकडे आवाज सारखा झाला की जमले. जागा बदलली, माती बदलली की पुन्हा करा. ज्यांच्या यंत्रात ही सोय नाही त्यांनी संवेदनशीलता कमी करावी आणि कॉइल जरा उंचावरून फिरवावी. खोली थोडी कमी होते, पण दर पावलाला वाजणाऱ्या यंत्रापेक्षा ते परवडले.

ओल्या खाऱ्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचे स्वस्त यंत्र वेड्यासारखे ओरडते, कारण खारे पाणी वीज वाहून नेते. नवशिक्याने भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू धरावी.

यंत्र ठरावीक अंतराने टिकटिकत असेल तर जवळ झटका मशीनचे कुंपण आहे का बघा. पंपाची मोटर, विजेच्या तारा, खिशातला मोबाइलही त्रास देतो. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायला टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल असलेच यंत्र घेऊन गेला होता. ते गोंधळले, त्याला पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगा कारण झाल्या असे सांगतात. तेव्हा लोखंडी टोपीचे बूट घालू नका आणि खुरपे कॉइलपासून लांब ठेवा.

हरवलेली अंगठी: प्रत्यक्ष शोध

घाईने यंत्र चालू करू नका. आधी विचारपूस. कधी लक्षात आले, त्याआधी बोटात शेवटची कधी दिसली, हात कुठे धुतला, कोणत्या सरीत खुरपणी चालली होती? हरवलेले माणसाला नेहमी ‘तिथेच’ वाटते, आणि ते ‘तिथे’ पुष्कळदा दहा-वीस पावले चुकलेले असते. त्याच घरातली साधारण तशीच दुसरी अंगठी मागून घ्या आणि त्या मातीवर ठेवून तिचा आकडा बघा. आता कान कशाला टवकारायचे हे कळले.

दोरी आणि खुंट्यांनी मीटरभर रुंदीचे पट्टे आखा. कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंटिमीटर वर. झाडू मारताना शेवटी हात जसा वर जातो तसा इथे जाऊ देऊ नका, कडेला खोली तिथेच निसटते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनेक सेकंद, आणि पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला. बहुतेक यंत्रे शोधताना कॉइल हलती असेल तरच बोलतात, म्हणून थबकू नका. पट्टे उभे संपले की तेवढीच जागा आडवी करा. आडव्या तपासणीत सापडण्याचे प्रमाण मला तरी बरे वाटते.

संकेत मिळाला की त्याच जागेवर काटकोनात फिरून पुन्हा बघा. दोन्ही दिशांनी तोच आकडा, तोच गोल आवाज आला तर खणायच्या लायकीचे. एका बाजूने वाजते आणि दुसरीकडून तुटते, तो बहुधा खिळा. तरी अंगठी शोधताना मी लोखंडाखेरीज काहीही वगळत नाही. गोळ्यांच्या पट्ट्या, झाकणे, पन्नी निमूटपणे उचलावी लागतात. जो कचरा काढायला कंटाळला त्याला अंगठी मिळत नाही.

काळ्या रानात एक वेगळी अडचण आहे. उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि भेगेत पडलेली वस्तू यंत्राच्या आवाक्याखाली जाते. भेगांवरून कॉइल संथपणे न्या, आणि शक्यतो पाऊस पडून भेगा बुजण्याआधीच शोध उरका. नांगरट झाली असेल तर अंगठी नांगराच्या पुढच्या तासात, म्हणजे ओळीत, ओढली गेली असण्याचा संभव धरून नांगर ज्या दिशेने गेला तिकडे क्षेत्र वाढवा.

खणणे

पिनपॉइंटने मध्य सापडला की त्याच्यावर खुरपे मारू नका, अंगठीवर चरा पडतो. वीतभर अंतर सोडून तिन्ही बाजूंनी कापा आणि मातीचा तुकडा झाकणासारखा उलटा. माती गोणपाटावर काढा. खड्डा पुन्हा तपासा. वाजायचे थांबले असेल तर वस्तू ढिगात आहे, मूठमूठ माती कॉइलपुढून फिरवा. मूठ फिरवताना स्वतःच्या हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवलेले असू द्या.

खड्डा बुजवा, तुकडा जागेवर बसवून पायाने दाबा. काढलेला कचरा परत टाकू नका. गवतातली तार गाईच्या पोटात गेली की जाळीपोटाला टोचून जनावर मरू शकते, हे कोणताही पशुवैद्य सांगेल.

जपणूक

किनाऱ्यावरून आल्यावर कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने पुसा. कॉइलचे प्लॅस्टिकचे आवरण अधूनमधून काढून आतली काळी वाळू झटका, नाहीतर यंत्र त्या वाळूलाच वाजत राहते. बॅटरी उतरली की खोली गुपचूप कमी होते, त्यामुळे जादा संच जवळ ठेवा. पावसाळ्यात यंत्र पडून राहणार असेल तर सेल बाहेर काढा. फुटलेला सेल पेटीतले संपर्क खाऊन टाकतो आणि एवढ्याशा कारणाने आलेली दुरुस्ती स्वस्त यंत्राला परवडत नाही.